मानवेतर नायक आणि निवेदनदृष्टी

मानवेतर नायक आणि निवेदनदृष्टी : पशू, पक्षी, वृक्ष, वस्तू, वास्तू किंवा यंत्र यांपैकी कोणी मध्यवर्ती पात्र असलेल्या कथासाहित्यात घटना कोणाच्या नजरेने पाहिल्या जातात आणि कोणाच्या भाषेतून वाचकापर्यंत पोहोचतात, यासंबंधीचा कथनमीमांसेतील प्रश्न. कथेत प्राणी आहे एवढ्यावरून हा प्रश्न उद्भवत नाही. विजय तेंडुलकरांचे गिधाडे हे नाटक किंवा चिं. त्र्यं. खानोलकरांची अजगर ही कादंबरी यांच्या शीर्षकांत प्राणी असले, तरी त्यांतील जग माणसांचेच आहे. तेथे प्राण्याचे नाव माणसाच्या वृत्तीला लावलेले आहे. संस्कृत साहित्यशास्त्रातील अन्योक्ती या अलंकारातही हंस, चातक, भ्रमर यांना उद्देशून जे बोलले जाते, ते दुसऱ्याच कोणाच्या तरी कानी पडावे असा हेतू असतो. मानवेतर नायकाची कथा खऱ्या अर्थाने तेव्हाच सुरू होते, जेव्हा त्या प्राण्याचे वा वस्तूचे स्वतःचे काही हित-अहित आहे आणि ते माणसाच्या हिताहिताहून वेगळे असू शकते, असे लेखक गृहीत धरतो.

निवेदनाच्या दृष्टिकोनाची पद्धतशीर चर्चा पाश्चात्त्य समीक्षेत पर्सी लबक (द क्राफ्ट ऑफ फिक्शन, १९२१) व वेन बूथ (द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन, १९६१) यांनी केली. फ्रेंच समीक्षक झेरार झनेत याने १९७२ मध्ये तिच्यात एक महत्त्वाचा भेद स्पष्ट केला. कथेत ‘कोण पाहतो’ आणि ‘कोण बोलतो’ हे दोन प्रश्न निराळे आहेत, असे त्याचे म्हणणे. मानवी पात्रांच्या कथेत हा भेद पुष्कळदा सूक्ष्म वाटतो. पाहणाऱ्या पात्राजवळ भाषाच नसेल, तर मात्र तो अटळ होऊन बसतो. मराठी परंपरेतील एक सुपरिचित आख्यायिका या संदर्भात लक्षणीय आहे. पैठणच्या ब्रह्मसभेत ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. रेडा बोलला, परंतु बोलला ते वेद. पाठीवरचे ओझे, ऊन, चाबूक यांविषयी तो काहीच बोलला नाही. त्याला वाचा मिळाली, दृष्टी मिळाली नाही. चमत्कारकथेचे प्रयोजन वेगळे असल्याने हा तिचा दोष नव्हे. पण प्राण्याला बोलते करणे म्हणजे प्राण्याच्या दृष्टीने पाहणे नव्हे, हे या एका उदाहरणावरून स्पष्ट होते. बोलक्या प्राण्यांच्या बहुसंख्य कथा या रेड्याच्याच वंशातल्या आहेत.

याच्या उलट दिशेचे उदाहरण भारतीय साहित्यात बरेच जुने आहे. मराठीने ‘नॉव्हेल’साठी जो शब्द स्वीकारला, तो बाणभट्टाच्या कादंबरी (सातवे शतक) या संस्कृत गद्यकाव्यावरून आलेला आहे आणि त्या काव्याचा निवेदक एक पोपट आहे, या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. चांडालकन्येने शूद्रक राजाच्या सभेत आणलेला वैशंपायन नावाचा शुक आपली हकीकत स्वतः सांगतो आणि पुढची दीर्घ कथा जाबाली ऋषींच्या तोंडून ऐकली तशी कथन करतो. यांपैकी पहिला भाग येथे महत्त्वाचा आहे. विंध्यारण्यातील शाल्मली वृक्षाच्या ढोलीत वृद्ध पित्याच्या पंखाखाली दडलेल्या पिलाला शिकाऱ्यांची टोळी प्रथम दिसत नाही. तिचा कोलाहल ऐकू येतो. एक म्हातारा शबर झाडावर चढून ढोलीढोलीतील पक्षी मारतो, पित्याला मारून खाली टाकतो आणि त्याच्या पंखाखालचे पिलू वाळलेल्या पानांच्या राशीवर पडल्यामुळे वाचते. आपण बापाच्या मागे जगू इच्छितो याची त्या पिलाला वाटणारी लाज आणि त्याच क्षणी लागलेली तहान ही दोन्ही बाण एकत्र आणतो. यातील लाज माणसाची आहे. तहान, उंचीचे भय आणि पानांत लपण्याची धडपड ही पक्ष्याची आहे. शुक हा पूर्वजन्मीचा पुंडरीक असल्याने त्याला माणसाची वाणी कोठून आली, या शंकेचेही निरसन होते. पुनर्जन्माच्या कल्पनेने भारतीय कथाकाराला दिलेली ही फार मोठी सोय होती. जातककथांतही शेवटी ‘तो मृग म्हणजे मीच होतो’ अशा अर्थाची जोडणी बुद्धाच्या तोंडून येते आणि तृतीयपुरुषी वाटलेली सारी कथा मागे वळून प्रथमपुरुषी ठरते.

पंचतंत्र व हितोपदेश यांतील प्राण्यांना असे अंतरंग नाही आणि त्याची अपेक्षाही नाही. तेथील कोल्हा मंत्री आहे, सिंह राजा आहे. त्यांचे दरबार नीतिशास्त्राने चालतात. एकोणिसाव्या शतकात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी मराठीत आणलेल्या इसापनीतीनेही (१८२८) हीच रीत शालेय वाचनात दृढ केली. लोककथेत मात्र दृष्टीचे भान अधिक तीक्ष्ण आढळते. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीचे एक जुने रूप महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रात येते. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरात राहणाऱ्या चिमणीचे दार ठोठावतो आणि ती बाळाचे न्हाणे, तीट, काजळ अशी एकेक सबब सांगते. ही गोष्ट सांगणारी आई वा आजी नकळत घराच्या आतून बोलत असते. बाळाला न्हाऊमाखू घालणाऱ्या उबेत ऐकणारे मूल बसलेले असते आणि कावळा दाराबाहेर पावसात उभा असतो. गोष्ट कोणत्या बाजूची हे कोणी सांगत नाही, उभे राहण्याच्या जागेवरून ते ठरते. तरीही एखादे मूल भिजणाऱ्या कावळ्यासाठी हळहळते. सांगणाऱ्याने नेमून दिलेली जागा ऐकणाऱ्याने नाकारल्याचे इतके सोपे उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल. प्राण्यांना पात्र न करता श्रोता करण्याची कल्पनाही महाराष्ट्राच्याच भूमीशी निगडित आहे. सातवाहन राजाने आपली पैशाची भाषेतील बृहत्कथा नाकारली, तेव्हा गुणाढ्याने ती अरण्यात पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत एकेक पान अग्नीत टाकले, असे सोमदेवाच्या कथासरित्सागरात सांगितले आहे. चरणे विसरून ऐकत राहिलेले ते पशू वाळून गेले आणि राजाच्या स्वयंपाकघरात येणारे मांस शुष्क होऊ लागले, तेव्हा कुठे राजाला वार्ता लागली. पशूंचे रसिकत्व राजाला कळले ते ताटातून, हा त्या कथेतील उपरोध आजही बोचरा वाटतो.

आधुनिक मराठीत वि. स. खांडेकरांनी रूपककथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. कलिका या संग्रहापासून त्यांच्या रूपककथांत फुले, पाखरे, तारे, दगड बोलू लागतात. त्यांतील भाषेची नजाकत मान्य करूनही असे म्हणावे लागते, की सगळ्यांचा आवाज एकच आहे आणि तो लेखकाचा आहे. फुलाला मुळांची आणि पाखराला पंखांची अशी स्वतंत्र जाणीव तेथे क्वचित लाभते. रूपककथेचे सूत्र आधी ठरते आणि पात्रे मागाहून येतात, हे त्याचे कारण.

हा प्रश्न मराठीत मांडताना मराठी भाषेच्या काही विशेषांचा विचार करावा लागतो. मराठीतील तृतीयपुरुषी सर्वनामे लिंगभेद दाखवितात आणि प्राण्यांची बरीच नावे तीनही लिंगांत चालतात. ‘कुत्रा’, ‘कुत्री’ आणि ‘कुत्रे’, ‘बोका’, ‘मांजरी’ आणि ‘मांजर’ ही केवळ व्याकरणिक रूपे नाहीत. ‘एक कुत्रे रस्त्यात झोपले होते’ या वाक्यातील ‘ते’ निवेदकापासून दूर आहे. पुढच्या वाक्यात त्याचा ‘तो’ झाला, की निवेदक त्याच्या जवळ सरकलेला असतो. एका शब्दाच्या फरकाने लेखक प्राण्याला व्यक्तित्व देऊ वा काढून घेऊ शकतो. घार नेहमीच ‘ती’ आणि साप बहुधा ‘तो’, येथे मात्र लेखकाला निवड नाही. सगळ्या घारी स्त्रिया असल्यासारखे वाक्य चालते आणि नर घारीचे चित्रण करू पाहणाऱ्याची पंचाईत होते. प्रथमपुरुषात अडचण आणखी वाढते. ‘मी आलो’ किंवा ‘मी आले’ यांपैकी एक निवडल्यावाचून वाक्यच पुरे होत नाही आणि नपुंसकलिंगी ‘मी’ची वेगळी जाणीव व्यवहारात उरलेली नाही. त्यामुळे मराठीत आत्मकथा सांगू लागलेले मांजर पहिल्याच क्रियापदाला बोका किंवा मांजरी होते आणि पुस्तकासारखी निर्जीव वस्तू पुरुष वा स्त्री होते. शब्दांच्या भूतकाळाचे ओझेही आहे. मराठी ‘माकड’ आणि ‘वानर’ यांत फरक करते. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या जातीला वानर म्हणतात. पण हा शब्द उच्चारताच रामायणातील वानरसेना आणि गावाच्या वेशीवरचा मारुती वाचकाच्या मनात उभा राहतो. वानरांवर लिहिणाऱ्या लेखकाला आधी या देवत्वाची समजूत घालावी लागते.

निर्जीव वस्तूने सांगितलेली स्वतःची कहाणी हा प्रकार मराठी वाचकाला सर्वाधिक परिचित आहे तो शाळेतील निबंधामुळे. फाटक्या पुस्तकाचे, पडक्या वाड्याचे किंवा जुन्या नाण्याचे आत्मवृत्त लिहिले नाही, असा मराठी शाळेत शिकलेला माणूस विरळा. या लेखनाचा एक साचा ठरून गेला आहे : जन्म, वैभव, उपेक्षा आणि शेवटी वाचकाला विनवणी. साचा उपहासास पात्र झाला असला, तरी त्यामागील कल्पना दुबळी नाही. पुण्याच्या कसबा पेठेसारख्या जुन्या वस्तीत ती पडताळून पाहता येते. तेथील तांबट आळीत पेशवेकाळापासून तांब्यापितळेची भांडी घडविली जातात. हातोडीच्या नेमक्या ठोक्यांनी भांड्याच्या अंगावर उमटविलेल्या खळ्यांना मठारकाम म्हणतात. तेथील एखाद्या घंगाळाने आपले आत्मवृत्त सांगावयाचे ठरविले, तर त्याला काय ठाऊक असेल? ठोके, भट्टीची धग, पाण्याचा भार, चिंच लावून घासणारे हात. घंगाळ न्हाणीघराबाहेर गेलेले नाही. शालेय निबंधातील घंगाळ मात्र पेशवाईचा अस्त, इंग्रजी अंमल आणि स्वातंत्र्यप्राप्ती यांची माहिती देते, कारण परीक्षकाला ती हवी असते. येथे वस्तूची दृष्टी सोडून इतिहासाच्या पुस्तकाची दृष्टी घेतली जाते आणि वस्तू केवळ मुखवटा उरते.

वास्तूच्या बाबतीत आणखी एक गुंता उद्भवतो. कसबा पेठेतील लाल महाल हा आत्मवृत्ताचा आवडता विषय. शिवाजी महाराजांचे बालपण आणि १६६३ मधील शायिस्तेखानावरील छापा यांचा साक्षीदार म्हणून त्याला बोलते केले जाते. परंतु मूळ लाल महाल काळाच्या ओघात नष्ट झाला. आज दिसणारी वास्तू पुणे महानगरपालिकेने मूळ जागेच्या काही भागावर १९८० नंतरच्या दशकात उभारली. ही वास्तू ‘मी पाहिले’ असे म्हणू लागली, तर ते कोणी पाहिले? उत्तर ‘जागेने’ असे द्यावे लागेल. म्हणजे निवेदक विटांचा महाल नसून ती भूमी आहे. मग त्या भूमीने पाहिलेले सगळेच सांगावे लागेल. परंपरेनुसार आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त करून त्यावर गाढवांचा नांगर फिरविला आणि पुढे जिजाबाईंच्या काळात तेथेच सोन्याचा नांगर धरला गेला. दोन्ही प्रसंगी जमीन नांगराच्या फाळाखालीच होती. एक नांगरट अपमानाची आणि दुसरी मंगलाची, हा भेद माणसांचा आहे. ज्या गाढवांना जुंपले, त्यांचे तर त्या कथेत नुसते नाव येते. ती तेथे अमंगळाची खूण आहेत, राबणारी जनावरे नाहीत. भूमीच्या किंवा गाढवाच्या दृष्टीने हा प्रसंग लिहिणारा लेखक इतिहासाचा अवमान करणार नाही. तो अर्थ कोठे निर्माण होतो, एवढेच दाखवून देईल.

यूरोपीय साहित्यात अपुलेयसच्या गाढवापासून (दुसरे शतक) सेर्व्हांतेसच्या बोलत्या कुत्र्यांपर्यंत (१६१३) प्राणी-निवेदकाचा उपयोग मुख्यतः माणसाच्या ढोंगावर हसण्यासाठी झाला. घरातील कुत्र्यामांजरांसमोर कोणी सावध राहत नाही, म्हणून ती उत्तम हेर ठरतात. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी याच्या आय ॲम अ कॅट (१९०५–०६) या कादंबरीतील निनावी मांजर याच कुळातले. ॲना स्यूएलच्या ब्लॅक ब्यूटी (१८७७) या घोड्याच्या आत्मकथेचा हेतू वेगळा, जनावरांच्या छळाविरुद्ध लोकमत जागृत करण्याचा होता. टॉलस्टॉयची ‘खोल्स्तोमेर’ (१८८६) ही कथा या सर्वांहून खोल जाते. तीत म्हातारा घोडा तबेल्यातील घोड्यांना आपली कहाणी सांगतो आणि माणसे ‘माझे’ हा शब्द कशी वापरतात याचे नवल करतो : जो आपल्यावर कधी बसला नाही तो ‘माझा घोडा’ म्हणतो आणि जो रोज चारा घालतो त्याला तसे म्हणता येत नाही. रशियन समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की याने १९१७ मध्ये ‘अपरिचितीकरणा’ची आपली प्रसिद्ध संकल्पना मांडताना हीच कथा उदाहरणादाखल घेतली. असे असले तरी टॉलस्टॉयचा घोडा मालमत्तेवर जे चिंतन करतो, ते घोड्याचे नव्हे, हे उघड आहे. ऑर्वेलने ॲनिमल फार्ममध्ये (१९४५) प्रथमपुरुष टाळला आणि निवेदन बहुतांशी सामान्य, भोळ्या जनावरांच्या समजुतीच्या पातळीवर ठेवले. डुकरांचे मनसुबे वाचकाला आतून कळत नाहीत, परिणामांवरून ताडावे लागतात. त्या कथेतील भय या संयमातून येते.

प्राण्याच्या मनात शिरण्याचा हक्क लेखकाला कितपत आहे, यावर अमेरिकेत विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोठा वाद झाला. निसर्गलेखक जॉन बरोज याने १९०३ मध्ये अर्नेस्ट टॉमसन सीटन, विल्यम लाँग इत्यादींच्या प्राणिकथांवर खोटेपणाचा आरोप केला. १९०७ मध्ये अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीही त्यात उडी घेतली. पुढे याकोप फोन यूक्सक्यूल या जीवशास्त्रज्ञाने प्रत्येक प्राण्याचे त्याच्या इंद्रियांनी घडविलेले स्वतंत्र जग असते, असे प्रतिपादन केले. त्याचे गाजलेले उदाहरण गोचिडीचे : जनावराच्या कातडीचा आंबूस वास, ऊब आणि स्पर्श एवढेच तिचे विश्व. टॉमस नेगेल या तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये वटवाघूळ असणे म्हणजे काय असते, हा प्रश्न विचारून माणसाला ते आतून कळण्याच्या मर्यादेवर बोट ठेवले. या विचारांनी कथाकाराचे काम अशक्य ठरविले नाही. मात्र कल्पना कोठे थांबवावी, याची जबाबदारी त्याच्यावर टाकली.

या कसोटीवर मराठीत प्रथम तपासावी अशी साहित्यकृती म्हणजे व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांची सत्तांतर (१९८२) ही छोटेखानी कादंबरी. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. माणदेशी माणसे, बनगरवाडी यांसारख्या कृतींनी ग्रामीण माणसाचे यथार्थ चित्रण करणारे माडगूळकर पुण्यात आकाशवाणीवर काम करीत असतानाही रानावनांत भटकत असत. नागझिरा (१९७९) हे त्यांचे पुस्तक अशाच अरण्यवासातून आले. सत्तांतरचा विषय वानरांच्या टोळीतील सत्तासंघर्ष हा आहे. बाहेरचा नर टोळीवर चालून येतो, जुन्या नायकाला हुसकावतो, अंगावर पिणारी पिले मारली जातात आणि काही काळाने माद्या नव्या नायकाचा स्वीकार करतात.

या घटनाक्रमाला शास्त्रीय पार्श्वभूमी आहे. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६०–७० या दशकाच्या आरंभी धारवाडच्या परिसरात वानरांचे निरीक्षण करून टोळीच्या बळकावणीनंतर होणाऱ्या शिशुहत्येची नोंद केली. राजस्थानात जोधपूर येथे एस. एम. मोहनोत यांनी आणि अबू येथे सेरा हर्डी यांनी हाच अभ्यास पुढे नेला. हर्डी यांचा ग्रंथ १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. पिले नाहीशी झाल्याने माद्या लवकर माजावर येतात आणि नव्या नराला स्वतःची संतती वाढविण्यास अवधी मिळतो, असे त्यांचे स्पष्टीकरण. उलट गर्दी व माणसाचा उपद्रव यांमुळे उद्भवलेली ही विकृती होय, असे मत मांडणारेही होते. कादंबरीकाराच्या दृष्टीने येथे एक सापळा आहे. शास्त्रज्ञ सांगतो ते वर्तनाचे कारण. कथेतील पात्राला लागतो तो हेतू. वंशवृद्धीचे गणित नराच्या मनात नसते. ते मनात घातले, तर वानर कारस्थानी माणूस होतो. काहीच घातले नाही, तर कथा टिपणवहीसारखी कोरडी होते.

माडगूळकरांनी यातून काढलेला मार्ग साधा आहे. निवेदन तृतीयपुरुषी आहे, वाक्ये आखूड आहेत आणि निवेदक पुष्कळदा झाडाखाली उभ्या असलेल्या जाणत्या निरीक्षकाच्या अंतरावर राहतो. वानरांना तो माणसांसारखे संभाषण करावयास लावीत नाही. त्यांच्या मनाविषयी जे सांगितले जाते, ते भूक, भय, सावधपणा, संताप, अंगलट अशा शरीरावर उमटणाऱ्या भावनांच्या आसपास राहते आणि ते शेपटीच्या डौलावरून, दात विचकण्यावरून, हुप्प असा आवाज देण्यावरून वाचकाला पडताळता येते. यामुळे वाचक वानराच्या मनात शिरत नाही, त्याच्या शेजारी जाऊन बसतो. बनगरवाडीत एका तरुण मास्तराच्या नजरेतून परक्या वस्तीकडे पाहणारा लेखक येथे त्याच संयमाने दुसऱ्या एका वस्तीकडे पाहतो, हे ध्यानात घेतले म्हणजे सत्तांतर हा माडगूळकरांच्या लेखनातील आकस्मिक प्रकार वाटत नाही.

पिलांच्या हत्येच्या प्रसंगी या निवेदनपद्धतीचा खरा कस लागतो. मराठी वाचकाला येथे आक्रोश अपेक्षित असतो आणि त्यानंतर सूड किंवा न्याय. कादंबरी दोन्हींपैकी न्यायाची अपेक्षा पुरी करीत नाही. मारेकऱ्याचा माद्यांनी केलेला स्वीकार हा वाचकाला मृत्यूहून अधिक असह्य होतो, कारण त्याचा निषेध करणारे कोणीच कथेत नाही, निवेदकही नाही. निवेदकाने एक वाक्य जरी करुणेचे किंवा धिक्काराचे उच्चारले असते, तरी वाचकाची सुटका झाली असती. ती न केल्याने कादंबरीची नैतिक धार वाढली आहे. तिला क्रौर्याचे चित्रण म्हणणे जितके अपुरे, तितकेच निसर्गनियमाचे समर्थन म्हणणेही अपुरे होय.

मर्यादा आहे ती शीर्षकात. ‘सत्तांतर’ हा राज्यव्यवहारातील शब्द आहे. १९७७ व १९८० या वर्षी देशात झालेली सत्तांतरे ताजी असताना ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि ती राजकीय रूपक म्हणून वाचण्याचा मोह वाचकांना झाला, यात आश्चर्य नाही. शीर्षकाने कादंबरीला व्यापक अर्थ दिला, पण वानरांना पुन्हा अन्योक्तीच्या अंगणात आणून बसविले. आतील मजकूर मात्र या वाचनाला साथ देत नाही. राजकारणात पदच्युत माणूस पुन्हा निवडून येऊ शकतो आणि मेलेले मूल हे राजकारणाचे साधन नसते. वानरांच्या टोळीत नेमके उलट घडते. रूपक म्हणून वाचणारा वाचक या कादंबरीतील सर्वांत कठीण भाग वगळूनच पुढे जातो.

मानवेतर पात्रांमध्ये यंत्राचा समावेश मराठीत विज्ञानकथेने केला. जयंत नारळीकर यांच्या वामन परत न आला (१९८६) या कादंबरीत बुद्धिमान यंत्रमानव केंद्रस्थानी आहे, तरी निवेदन माणसांच्या बाजूनेच होते. यंत्राच्या मनात काय चालले आहे हे न कळणे हाच तेथील रहस्याचा आधार आहे. यंत्राने स्वतः बोलावे, असा मोह लेखकाने टाळला हे योग्यच झाले.

प्राण्याची दृष्टी माणसाच्या तोंडून सर्वाधिक सामर्थ्याने व्यक्त झाली आहे ती मात्र आनंद यादव यांच्या गोतावळा (१९७१) या कादंबरीत. काटेकोरपणे पाहता तिचा नायक माणूस आहे. नारबा हा मळ्यावरचा गडी आपली हकीकत कागल परिसराच्या ग्रामीण बोलीत स्वतः सांगतो. केवळ संवाद नव्हे, तर संपूर्ण निवेदनच बोलीत आहे. गोतावळा म्हणजे सगेसोयरे. नारबाचे सगेसोयरे म्हणजे बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या ही मळ्यावरची जनावरे आहेत. मालक त्याचे लग्न करून देण्याचे टाळत राहतो. गोठ्यात मात्र जनावरांचे माज, वेत, वासरे हे चक्र चालू असते. नारबा जनावरांविषयी बोलतो तेव्हा त्यांना माणसाची उपमा देत नाही आणि स्वतःविषयी बोलतो तेव्हा त्याला जनावराची उपमा वेगळी द्यावी लागत नाही. वैरण, धाव, थकवा, मार यांचे शब्द दोघांना सारखेच लागू पडतात. हरि नारायण आपटे यांनी पण लक्षांत कोण घेतो! मध्ये यमूच्या तोंडून जे साधले, त्याच जातीचे हे काम आहे : ज्याला कोणी विचारीत नाही त्याला ‘मी’ म्हणू देणे. यमूचे ‘मी’ एका स्त्रीपुरते होते. नारबाच्या ‘मी’मध्ये अख्खा गोठा येतो.

मळ्यावर ट्रॅक्टर येतो आणि बैल निरुपयोगी होऊन विकले जातात, तेथे हे निवेदन विलक्षण उंचीवर जाते. ट्रॅक्टरचे वर्णन यंत्राची माहिती असलेल्या माणसाच्या भाषेत येत नाही; वास, आवाज, मातीवरचा भार अशा खुणांनी ते येते, जसे ते बैलाला जाणवले असते. बैल बोलत नाहीत. नारबा त्यांच्या वतीने बोलतो असेही म्हणता येत नाही, कारण त्याचेही त्यांच्यासारखेच होणार आहे हे त्याला कळू लागलेले असते. माडगूळकरांचा निवेदक वानरांना पाहतो आणि गप्प राहतो. यादवांचा निवेदक बोलत राहतो, पण त्याचे ऐकणारे मळ्यावर कोणी उरत नाही.